चार पट्ट्यांमागे एक

माझं काम नेमकं काय, हे मला आजवर एकाच माणसाला धड समजावून सांगता आलं, आणि ते म्हणजे माझे बाबा. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याकडच्या एका गावात सरकारी मराठी शाळेवर त्यांची सगळी नोकरी गेली. दोन खोल्या, दोन मास्तर, पहिली ते पाचवी. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. मोबाइल वाजला की घ्यायचा आणि बोलून झालं की ठेवायचा, एवढीच त्यांची त्या जगाशी ओळख. तरी माझ्या हातून झालेल्या कामातली सगळ्यात चांगली कल्पना त्यांची आहे. हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसण्याला मीच कारण आहे.

मी हैदराबादच्या एका कंपनीचं काम आदिलाबादच्या आमच्या घरातून करते. मोठ्या कंपन्यांकडे कपाटाएवढाले कॉम्प्युटर असतात. त्यातल्या एकेकाच्या पोटात पाच-पंचवीस नकली कॉम्प्युटर चालवतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या प्रत्येकीला वाटत असतं की सगळं घर आपलंच आहे. एखाद्या मशीनवर भार वाढला की तिला मेमरी, म्हणजे काम मांडून बसायची जागा, कमी पडते. पूर्वी मशीन बंद करून जागा वाढवत आणि पुन्हा चालू करत. आता बंद करणं कुणाला परवडत नाही. कुणाची बँक चालू असते, कुणाचा दवाखाना. म्हणून चालत्या मशीनलाच जागा वाढवून द्यायची, आणि भार उतरला की ती काढून घेऊन दुसरीला द्यायची. हे देण्याघेण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, बसलेला एक छोटा प्रोग्राम करतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या कंपनीचा ड्रायव्हर मी लिहीत होते.

जागा देण्यात काही विशेष नाही. बाहेरून जागेचा एक ठोकळा येतो, ड्रायव्हर त्याची नोंद करतो आणि कर्नेलला सांगतो की घे, वापर. खरी गोम परत घेताना कळते. तोवर त्या जागेवर काही ना काही येऊन बसलेलं असतं. प्रोग्रामचा माल असेल तर तो उचलून दुसरीकडे ठेवता येतो, त्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. पण कर्नेलचं स्वतःचं सामान, त्याच्या याद्या आणि नोंदी, एकदा ठेवलं तिथून हलत नाही. असं एक जरी सामान ठोकळ्यावर बसलं तर अख्खा ठोकळा अडकतो. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये हेच व्हायचं. दिलेली जागा परत म्हणून मिळत नसे. मग मी दुसरं टोक गाठलं आणि बाहेरून येणारी सगळी जागा फक्त हलवता येणाऱ्या मालासाठी राखून ठेवली. परत घेणं सोपं झालं, पण मशीन भलत्याच वेळी मान टाकायला लागली.

निवृत्तीनंतर आई-बाबा गाव सोडून माझ्याकडे राहायला आले होते. बाबांची खाट माझ्या कामाच्या खोलीतच होती, कारण घरातला एकुलता एक कूलर तिथे होता. ते पेपर वाचत पडायचे. रविवारी मुद्दाम इंग्रजी पेपर आणवायचे, आणि न कळलेल्या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून शेजारच्या कोऱ्या जागेत मराठी अर्थ लिहायचे. शब्दकोश उशाशीच असे. मी चिडवायचे, की बाबा, आता तुमची परीक्षा घ्यायला कोणता इन्स्पेक्टर येणार आहे. ते पेन्सिलीला टोक काढत बसत.

त्या दिवशी दुपारी मशीन चौथ्यांदा पडली तेव्हा मी टेबलावर हात आपटला. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काऊन चिडून राह्यली म्हणून विचारलं. माझा राग नाकावरच असतो. मी तुटकपणे म्हटलं, की निम्मी जागा मोकळी पडली आहे आणि तरी मशीन जागा नाही म्हणून बंद पडते. वाटलं, एवढ्यावर गप्प बसतील. ते उठले, प्लॅस्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, पहिल्यापासून सांग. मी सांगत गेले. तासभर तरी लागला असेल. त्यांनी मधे एकच गोष्ट विचारली, की ती मोकळी जागा मशीनची स्वतःची का बाहेरून आणलेली. बाहेरची, मी म्हटलं, केव्हाही परत मागतील अशी.

"मंग बरोबर हाय तिचं," बाबा म्हणाले. "उसन्या पट्टीवर कपाट कोनी ठेवते का?"

ही पट्टी म्हणजे शाळेतली टाटपट्टी, पोरांना बसायची. तिची गोष्ट मला अर्धवट माहीत होती, त्या दिवशी पुरती कळली. कापूस वेचायच्या दिवसांत पैनगंगेपलीकडून मजुरांची बिऱ्हाडं आमच्या गावात येत. बाबा त्यांच्या पालांवर जाऊन पोरं शाळेत घेऊन येत. वर्ग तर चालू असायचा. तो सोडून देऊन नव्याने भरवायचा असा प्रश्नच नव्हता. शाळेच्या पट्ट्या कमी पडल्या की बाबा बौद्ध विहारातल्या पट्ट्या खांद्यावर टाकून आणायचे, चालत्या वर्गात मागच्या बाजूला पसरायचे, आणि नवीन पोरं बसवून धडा पुढे चालू. प्रत्येक पोराचं नाव रजिस्टरात पूर्ण लिहायचे. स्वतःचं, बापाचं, आडनाव. ज्याला आडनाव सांगता येत नसे त्याच्या पालावर संध्याकाळी विचारायला जायचे. तीन महिन्यांसाठी आलेलं पोर असलं तरी.

अट एकच होती. पौर्णिमेच्या वंदनेला विहारातल्या पट्ट्या परत गेल्या पाहिजेत. पोरांना उठवून पुढे सरकवलं की पट्टी गुंडाळता येत असे. पण एका वर्षी शाळेला लोखंडी कपाट मिळालं आणि ते आणणाऱ्यांनी कोपऱ्यात, विहाराच्याच पट्टीवर ठेवून दिलं. बाबांनी त्यात पाट्या, पुस्तकं, नकाशे ठासून भरले. पौर्णिमा आली, आणि कपाट हलेना. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, हेडमास्तर ट्रेनिंगला. शेवटी बाबांनी ब्लेड घेऊन कपाटाभोवतीची पट्टी कापली आणि उरलेली परत केली. ती चौकोनी तुकडा गेलेली पट्टी पुढे कैक वर्षं विहारात होती. बायका तिच्यावर बसताना बाबांना म्हणायच्या, मास्तर, तुमच्या कपाटानं चावलेली पट्टी. मीही लहानपणी तिच्यावर बसले आहे.

त्यानंतर बाबांनी नियम केला की उसन्या पट्टीवर फक्त पोरं, सामान आपल्या जागेवर. एक-दोन वर्षं ठीक चाललं. मग एके साली फार पोरं आली. पोरं वाढली तशी पाट्या, पुस्तकं, रजिस्टरं, दुपारच्या खिचडीची तांदळाची पोती वाढली. ते सगळं शाळेच्या स्वतःच्या जागेवर ठेवायचं, तर स्वतःची जागा संपली. मागे उसन्या पट्ट्यांवर जागा दिसत होती आणि तिथे एक पोतंही ठेवता येत नव्हतं. माझ्या मशीनचं हेच तर झालं होतं.

"मंग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"कमिटीले जाऊन सांगितलं. म्हटलं, चार पट्ट्या द्यान तर तीन उसन्या द्या अन् एक शाळेले कायमची द्या. ते वापस मागाची नाई. जेवढे पोरं वाढतीन, तेवढं सामान वाढते."

मी हसून म्हटलं, की बाबा, हे कॉम्प्युटर हाय, विहाराची कमिटी नाई. ते म्हणाले, करून तर पाय. आणि परत खाटेवर जाऊन पेपर उघडला.

करून पाहिलं. बाहेरून येणाऱ्या दर चार ठोकळ्यांतले तीन उसने धरायचे, त्यांवर हलवता येईल तेवढाच माल. चौथा कर्नेलला कायमचा देऊन टाकायचा, त्यावर त्याने हवं ते ठेवावं. दोन दिवसांत लिहून झालं. मग मी मशीनवर भार टाकला, काढला, पुन्हा टाकला, दिवसभर. ती पडली नाही. बाबा मधूनमधून खाटेवरून विचारत, चालू हाय ना. मी म्हणे, हाय.

आता या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलेलं आहे. कर्नेल कुणा एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं त्यात भर घालतात. आपण केलेला बदल सगळ्यांना मेलने पाठवायचा, लोक चारचौघांत त्याची चिरफाड करतात, आपण दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. असं पाच-सहा वेळा होतं. मग त्या भागाची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो माणूस बदल घेतो. बदलाच्या खाली नावांच्या ओळी असतात. कोणी लिहिलं, कोणी तपासलं, कोणी चालवून पाहिलं. आणि कल्पना दुसऱ्या कुणाची असेल तर त्याच्यासाठी वेगळी ओळ असते, सजेस्टेड-बाय, आणि पुढे त्याचं नाव. सुचवणारा इंजिनीअर असावा असं कुठेही म्हटलेलं नाही.

माझ्या तिसऱ्या खेपेला त्या जबाबदार माणसाने मेल लिहिली. परदेशात राहतो, मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि स्तुती करण्याबद्दल तो प्रसिद्ध नाही. त्याने लिहिलं की ही चारास एक ठेवण्याची कल्पना साधी आहे आणि बरोबर आहे, ही कुणाची? दुसऱ्या कुणाची असेल तर नाव घाला.

मी उत्तर लिहिलं, चर्चेतून सुचली.

खोटं नव्हतं. चर्चा झाली होतीच, शेजारी-शेजारी दोन खुर्च्यांवर. पण मी काय करते आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

आडनावाची गोष्ट आहे ही. आमच्याकडे तेलुगू शाळा-कॉलेजांत आडनावाचं एक अक्षर करून नावापुढे टांगतात. हैदराबादला इंजिनीअरिंगला गेले तेव्हा माझंही एक अक्षर झालं आणि मधलं बाबांचं नाव गळालं. मी काही लपवायला गेले नव्हते. आपोआप लपलं, आणि ते लपल्यावर वसतिगृहात किती हलकं वाटतं हे मला कळलं. पुढे या कंपनीत माझा वरिष्ठ पुण्याचा निघाला. मी मराठी म्हणून खूश झाला आणि दुसऱ्याच वाक्याला आडनाव विचारलं. ते विचारण्याचा एक सूर असतो. ज्यांना तो ऐकावा लागतो त्यांना तो भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. मी आडनावाच्या जागी गावाचं नाव सांगितलं. त्याने मूळचं काय म्हणून पुन्हा विचारलं, मी पुन्हा गावाचंच सांगितलं. तेच नाव माझ्या मेलला लागलं आणि तेच कर्नेलच्या कामात गेलं. बाबांचं नाव खाली लिहिलं असतं तर ते पूर्ण लिहावं लागलं असतं, आणि आमच्या घरातून एकाच मेलमध्ये दोन आडनावं गेली असती. ती मेल माझा वरिष्ठ वाचणारच होता.

बाबांना यातलं किती माहीत होतं, हे मी कधी विचारलं नाही. एकदा कंपनीने कुरियरने नवा लॅपटॉप पाठवला. मी बाहेर होते. कुरियरवाल्याने खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं आणि असं कोणी इथे राहतं का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, माही पोरगी हाय. दस्तखत केली आणि खोकं आत आणून ठेवलं. मी आले तेव्हा ते खोक्यावरचं नाव पाहत बसले होते. मला म्हणाले, वजनदार हाय, सांभाळून उचल.

मी स्वतःला समजावत राहिले, ते असं. त्या ओळीत मेलचा पत्ता द्यावा लागतो, बाबांना मेल नाही. तो पाच मिनिटांत काढता आला असता. दुसरं, नियम असा आहे की ज्याने खाजगीत सुचवलं त्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याचं नाव घालायचं नाही. नियम चांगलाच आहे. मी म्हटलं, आधी बाबांना विचारू, मग घालू. पुढच्या खेपेला विचारू. चौथी खेप गेली, पाचवी गेली. रोज सकाळी चहा घेताना बाबा विचारायचे, घेतलं का त्याईनं. मी म्हणायचे, अजून नाई. मग मी कप उचलून न्यायचे. असे सहा महिने गेले.

सहावी खेप पाठवून मी सातव्या खेपेचा मजकूर लिहून ठेवला होता. त्यात बाबांचं नाव होतं. पूर्ण नाव, तीन शब्दांचं. ते मी एकदाच टाइप केलं आणि बराच वेळ बघत बसले. सातवी खेप लागलीच नाही. सहावीच घेतली, आभारी आहे, अशी एका ओळीची मेल आली. त्यानंतरही आठवडाभर मुदत होती. एक ओळ राहिली आहे, तेवढी घाला, असं लिहिलं असतं तर त्याने घातली असती. लोक असं सर्रास करतात. मी मूग गिळून बसले. आठवडा संपला आणि ते कायमचं झालं.

कायमचं म्हणजे खरोखर कायमचं. बाबा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टराबद्दल सांगायचे, की त्यात खाडाखोड चालत नाही, एकदा नाव चढलं की चढलं. कर्नेलचा इतिहास तसाच आहे. एक जुनी ओळ बदलली तर तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतात, म्हणून कुणीही बदलत नाही.

बाबांना आनंद झाला तो माझ्यापेक्षा जास्त. स्क्रीनवर वाचायला नको म्हणाले, कागदावर आण. बाबांना तेव्हा जेवण जात नव्हतं, डोळे पिवळे दिसायला लागले होते आणि आम्ही काविळीचं औषध देत होतो. मी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. काम तीन बदलांत वाटून पाठवलं होतं, सगळी मिळून तीन-चार पानं. ते उशीला टेकून बसले आणि पहिल्या पानावर बोट ठेवून सावकाश वाचत गेले. माझ्या नावाशी थांबले. मधे त्यांचं नाव नव्हतं आणि पुढे आडनावाच्या जागी गावाचं नाव होतं. बोट पुढे गेलं. खालच्या ओळी काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, हा तपासणारा, हा चालवून पाहणारा.

"अन् सुचवलं कोनं, हे लिहतेत का?"

"नाई बाबा," मी म्हटलं. "तशी पद्धत नाई."

त्यांनी मान हलवली, कागद घडी करून उशीखाली ठेवले, आणि काम चांगलं झालं म्हणाले. मी चहा टाकायला गेले. चहा कुणी मागितला नव्हता.

नंतर नागपूरला नेलं. साधी कावीळ नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्वादुपिंडाचं नाव घेतलं आणि किती दिवस ते सांगितलं. त्यांनी सांगितलं त्याहूनही कमी निघाले. कापूस फुटायच्या आत बाबा गेले. गावाकडून माणसं आली, त्यात बाबांच्या हाताखालून गेलेली बाप्या माणसं होती, ढसाढसा रडणारी. विहारात पुण्यानुमोदन झालं. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

महिन्याभराने आई बाबांच्या पेट्या आवरत होती. तिने शब्दकोशात ठेवलेले घडीचे कागद काढले आणि हे तुझ्या कामाचे दिसतात म्हणून माझ्या हातात दिले. मी घडी उघडली. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली लाल रेघ होती. हळू मारलेली, सरळ. पुढची पानं मी छापून आणल्यापासून कधी पाहिलीच नव्हती. तिसऱ्या बदलात मी त्या परदेशातल्या माणसाची एक किरकोळ सूचना घेतली होती, एका सेटिंगचं नाव बदलण्याची. त्याच्या खाली मी स्वतःच रीतसर लिहिलं होतं, सजेस्टेड-बाय, आणि त्याचं नाव. विसरूनच गेले होते. बाबांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती आणि शेजारी कोऱ्या जागेत, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात, अर्थ लिहिला होता. सुचविणारा.

दुसरं काही नव्हतं. पानावर त्यांनी एक शब्दही जास्त लिहिला नव्हता.

मी आईला विचारलं, हे वाचल्यावर बाबा काही बोलले होते का. आई पेटीत कपडे रचत होती. हो म्हणाली, मी चहा टाकायला गेले तेव्हा त्यांनी उशीखालचे कागद परत काढून वाचले होते. म्हणजे त्याच दिवशी कळलं होतं. चहा घेऊन मी परत आले तेव्हा त्यांना कळलेलं असणार, आणि त्यांनी तो चहा निमूट घेतला होता.

"काय म्हने?"

"मले म्हने, पोरीची काई अडचन असन. तिले इचारू नोको."

तेव्हा मी रडले. आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, आवाज करून. आईला वाटलं बाबा गेल्याचं रडते आहे, आणि तिने बरं झालं म्हणून पाठीवरून हात फिरवला. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचा हात मधेच थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरू लागला. बाबांच्या मनात कुणाबद्दल काही राहत नसे, असं ती नंतर म्हणाली. तिच्या मनात काय राहिलं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या जबाबदार माणसाला मेल लिहिली. ती कल्पना माझी नव्हती, माझ्या वडिलांची होती, आणि नाव मी मुद्दाम गाळलं, असं स्पष्ट लिहिलं. वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली माझंही पूर्ण लिहिलं, मधे बाबांचं नाव आणि शेवटी आमचं आडनाव. वरिष्ठालाही त्याची प्रत पाठवली. त्याचं काहीच उत्तर आलं नाही, आणि ज्याला मी एवढी वर्षं भ्याले ते एवढंच निघालं याचा मला संताप आला. इतक्यासाठी मी बापाचं नाव खाल्लं.

त्या माणसाचं उत्तर मात्र आलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मऊ होतं. झालेली नोंद बदलता येत नाही, त्याबद्दल त्याने दिलगिरी लिहिली होती. पुढच्या एखाद्या बदलात त्यांचं नाव घालण्यावर तो म्हणाला की ते चालणार नाही, कारण ज्या बदलात ज्याने सुचवलं त्यातच ते नाव शोभतं. ते बरोबरच आहे. पुढच्या कामात बाबांनी काही सुचवलेलं नाही. पण ड्रायव्हर कसा चालतो हे समजावणारी एक पुस्तिका सोबत असते. तिच्यात ही कल्पना कुणाची ते एका वाक्यात लिहिता येईल, मी ते वाक्य लिहून पाठवावं, तो आनंदाने घेईल. शाळेतल्या पट्ट्यांची गोष्टही लिहिलीत तर लोकांना लवकर समजेल, असंही त्याने म्हटलं होतं. शेवटी रिवाजाप्रमाणे एक ओळ होती. नाव छापायला तुमच्या वडिलांची हरकत नाही ना, त्यांना विचारून तेवढं कळवा.

बाबा गेले हे मी त्याला लिहिलंच नव्हतं. आज ना उद्या लिहीन, आणि तो समजून घेईल, आणि ते वाक्य पुस्तिकेत जाईल. वाक्य लिहून तयार आहे. पण उत्तर द्यायला बसले की त्या शेवटच्या ओळीशी माझा हात थांबतो. खाट अजून खोलीतच आहे, माझ्या खुर्चीपासून चार हातांवर. मान वळवून, बाबा, तुमचं नाव टाकू का, एवढंच विचारायचं होतं. सहा महिने ते तिथेच बसून होते.